दफ्तर नसलेले दुर्ग

मराठी माणसापुढे ‘गड’ हा शब्द उच्चारला की त्याच्या डोळ्यांसमोर काळा कातळ, तुटलेला कडा, गोमुखी वळणाचे महाद्वार आणि वैशाखातही न आटणारी टाकी उभी राहतात. आणि या चित्रामागे, दिसत नसले तरी सतत जाणवणारे असे दुसरे एक चित्र असते, ते कागदांचे. गड कोणत्या शकात फत्ते झाला, हवालदार कोण, सबनीस कोण, कारखानिसाच्या ताब्यात दारूगोळा किती आणि अंबरखान्यात भात किती, याची काही ना काही नोंद कोठल्या तरी रुमालात बांधून ठेवलेली असणार असा आपला भरवसा असतो, आणि तो पुष्कळदा खराही ठरतो. त्यामुळे ज्याच्या धन्याचे नाव कोणास ठाऊक नाही, ज्याच्या वेढ्याची बखर कोणी लिहिली नाही आणि ज्याच्या तटाला घडीव चिरा म्हणून नाही, अशा स्थळाला गड तरी कसे म्हणावे, असा प्रश्न आपल्याला पडला तर त्यात नवल नाही. अशा बिनकागदी गडांचा एक सबंध मुलूख इंग्लंडच्या दक्षिणेस पसरलेला आहे. आणि जमीन हेच दफ्तर मानून ते कसे वाचावे ही विद्या ज्या थोड्या ठिकाणी घडली, त्यांत या मुलखाची गणना करावी लागते.

डॉर्सेट, विल्टशर आणि हॅम्पशर या परगण्यांना मिळून वेसेक्स असे जुने नाव आहे. येथल्या टेकड्या खडूच्या मऊ, पांढऱ्या दगडाच्या; त्यांच्यावर मातीचा पातळ पापुद्रा, त्यावर आखूड गवत आणि गवतावर मेंढरे. डॉर्चेस्टर गावापासून दीडदोन मैलांवर नैर्ऋत्येस असलेली मेडन कॅसल ही टेकडी दुरून पाहणाऱ्यास गवताच्या लागोपाठ चुण्या पडल्यासारखी दिसते. जवळ जावे तेव्हा कळते की या चुण्या म्हणजे एकाआड एक असे तट आणि खंदक आहेत. खंदकातून उपसलेला खडू शेजारीच रचून तट उभारलेला, आणि तोही एकेरी नव्हे, तर तिहेरी, काही जागी त्याहूनही अधिक. आतल्या सपाटीचे क्षेत्र सुमारे ४७ एकर भरते. दोन्ही टोकांच्या दारांशी मातीच्या उंचवट्यांची अशी गुंतागुंत करून ठेवली आहे की आत शिरणाऱ्याने सरळ चालतच येऊ नये, वळत वळत यावे आणि प्रत्येक वळणावर त्याची कूस तटावरल्या माणसाच्या माऱ्यात यावी. रायगडाचे महाद्वार ज्याने पाहिले आहे त्याला या युक्तीचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. येथे फक्त दगडाचे काम मातीने केलेले आहे, आणि तेही दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी.

ज्याचा कर्ता ठाऊक नाही त्याला लोक आपल्या ओळखीचा कर्ता देतात. आपल्याकडे डोंगरात कोरलेले लेणे दिसले की ते पांडवांनी एका रात्रीत खोदले असे सांगतात. इंग्लंडातल्या खेडुतांनी या तटांपैकी काहींना ‘सीझरची छावणी’ म्हटले, तर काहींना ‘सैतानाचा बांध’. शिकलेल्या लोकांची समजूत याहून फारशी निराळी नव्हती. लॅटिन ग्रंथ हेच त्यांचे दफ्तर असल्यामुळे, ज्याचा उल्लेख त्या ग्रंथांत सापडेल तेच खरे, आणि रोमन येण्यापूर्वी या बेटावर एवढी मोठी आखणी करणारे कोणी असेल ही गोष्ट त्यांच्या सहसा मनात येत नसे. अठराव्या शतकात आणि एकोणिसाव्याच्या आरंभी हौशी जमीनदारांनी प्राचीन थडग्यांच्या उंचवट्यांवर कुदळी चालविल्या, मडकी आणि कट्यारी घरी नेऊन कपाटांत मांडल्या. परंतु गडाच्या मातीत मडक्याखेरीज दुसरेही काही वाचण्यासारखे असेल, हा विचार अजून जन्मास यावयाचा होता.

तो आणला एका लष्करी अधिकाऱ्याने. ऑगस्टस लेन फॉक्स हा ग्रेनेडियर गार्ड्स या पलटणीतला सरदार बंदुकांची परीक्षा करता करता शस्त्रांच्या उत्क्रांतीच्या अभ्यासाकडे वळला, आणि १८६७ साली त्याने ससेक्सच्या टेकड्यांवरील दुर्गांची पाहणी आरंभिली. एखाद्या मोठ्या सेनापतीने साऱ्या प्रांताच्या बचावासाठी आखलेली ही दुर्गांची साखळी आहे, अशी जी कल्पना तोवर रूढ होती, ती त्याने प्रत्येक टेकडीवर उभे राहून, कोठून काय दिसते आणि पाणी कोठे आहे याची रुजुवात घालून, मोडून काढली; हे दुर्ग निरनिराळ्या जमातींनी आपापल्या सोयीने बांधलेले आहेत असा निर्णय त्याने दिला. सिसबरी येथे त्याने आणखी एक गोष्ट सिद्ध केली. तेथे गारगोटी काढण्यासाठी प्राचीन माणसांनी खोल विवरे खोदलेली होती. गडाचा खंदक त्या विवरांना छेदून जातो आणि खंदक खणला गेला तेव्हा ती विवरे बुजून गेलेली होती, एवढे दाखविताच विवरे आधीची आणि गड नंतरचा हे कोणत्याही ग्रंथाची साक्ष न काढता निश्चित झाले. मातीचा एक थर दुसऱ्यावर असतो, आणि वरचा थर खालच्याच्या आधीचा असू शकत नाही, या साध्या न्यायाने इतिहासाच्या कज्ज्यात एक नवा साक्षीदार उभा राहिला.

१८८० साली वारशाने मोठी जहागीर मिळाली तेव्हा तिच्याबरोबर या गृहस्थाने पिट-रिव्हर्स हे नावही घेतले, आणि पुढे आयुष्यभर आपल्याच जमिनीतले जुने उंचवटे आणि खंदक तो खणीत राहिला. सापडलेल्या प्रत्येक खापराची जागा नोंदवावी, सोन्याच्या कडीइतकाच मेंढीच्या हाडालाही मान द्यावा, असा शिरस्ता त्याने घातला. त्याची एक सवय मला विशेष मोलाची वाटते. काम आटोपून चर पुन्हा बुजविण्यापूर्वी तो तळाशी आपल्या नावाचा एक धातूचा बिल्ला टाकून ठेवी, म्हणजे शंभर वर्षांनी कोणी तेथे खणू लागला तर ही माती पूर्वी हलविली गेली आहे हे त्याला कळावे आणि त्याची फसगत होऊ नये. पुरातत्त्वज्ञ उत्खनन करतो म्हणजे आपला पुरावा वाचता वाचताच नष्ट करतो. दफ्तरातला कागद पुन्हा वाचता येतो, उकरलेला थर पुन्हा वाचता येत नाही. या नाशाची नैतिक जबाबदारी ज्याने ओळखली, त्याच्यापासूनच या विद्येला शास्त्र म्हणावे.

पिट-रिव्हर्सची नजर जमिनीच्या पोटात गेली. ती जमिनीच्या पाठीवर, आणि तीही आभाळातून, फिरविण्याचे काम ज्याने केले त्याचा जन्म मुंबईत, ब्रीच कँडीला झाला होता. १८८६ साली जन्मलेल्या ओ. जी. एस. क्रॉफर्डचे वडील ठाण्याला न्यायाधीश होते. जन्मानंतर थोड्याच दिवसांत त्याची आई वारली आणि तान्ह्या मुलाला इंग्लंडात आत्यांच्या हवाली करण्यात आले. ऑक्सफर्डला तो भूगोल शिकला. पहिल्या महायुद्धात विमानदळात निरीक्षक म्हणून काम करताना वरून जमीन पाहण्याचा अभ्यास त्याला जडला. आणि १९२० साली सरकारी मोजणी खात्याने त्याला पुरातत्त्वाचा आपला पहिला अधिकारी नेमले. प्राचीन स्थळे नकाशावर अचूक दाखविणे हे त्याचे काम, आणि त्यासाठी तो सायकलवरून परगणेच्या परगणे पालथे घालीत असे. पुढे थोड्याच काळात विमानदळाने घेतलेली काही छायाचित्रे त्याच्या हाती आली आणि त्यांत त्याला जे दिसले ते पायी हिंडणाऱ्याला जन्मभरात दिसले नसते: टेकड्यांच्या उतारांवर लहान लहान चौकोनी शेतांची जाळीच्या जाळी पसरलेली, आणि ती रोमनांच्याही पूर्वीची.

हे कसे दिसते ते आपल्या शेतकऱ्याला सांगितले तर त्याला त्यात चमत्कार वाटणार नाही. जेथे जुना खंदक बुजलेला असतो तेथे माती खोल आणि ओल धरणारी असते, म्हणून त्यावरचे पीक उन्हाळ्यात इतर पिकाहून उंच आणि गर्द हिरवे राहते. जेथे खाली भिंतीचा पाया असतो तेथे पीक खुरटते आणि आधी पिवळे पडते. बांधाशी उभ्या असलेल्या माणसाला हा फरक जाणवत नाही, परंतु हजार फुटांवरून पाहणाऱ्याला हिरव्यावर हिरव्या रेघांनी काढलेला नकाशा दिसतो. स्टोनहेंजजवळ लाकडी खांबांच्या एका वर्तुळाचा ठाव १९२५ साली इन्सॉल नावाच्या वैमानिकाला असाच आभाळातून लागला आणि त्या स्थळाचे नाव वुडहेंज पडले. सूर्य कलता असला की सावल्या लांबतात आणि वीतभर उंचीचा बांधही उठून दिसतो, हेही याच नव्या विद्येचे एक कलम. १९२४ साली क्रॉफर्डने अलेक्झांडर केलर या धनिकाबरोबर विमान भाड्याने घेऊन वेसेक्सचे आकाश पालथे घातले; केलरच्या घराण्याचा पैसा मार्मालेडचा, म्हणजे संत्र्याच्या मुरंब्याच्या पिढीजात व्यापारातला, त्यामुळे प्रागैतिहासिक शेतांच्या शोधाचा खर्च मुरंब्याने सोसला असे म्हटले तरी चालेल. या उड्डाणांतून १९२८ साली छायाचित्रांचा जो ग्रंथ निघाला, त्याने गडाची व्याख्याच बदलून टाकली.

ती बदलली याचे कारण असे की गड आता एकटा उरला नाही. वरून पाहताच त्याच्या पायथ्याची शेते, शेतांमधून जाणाऱ्या पाणंदी, गुरांची कोंडवाडी, मेलेल्यांचे उंचवटे आणि मैलोन् मैल धावणारे सीमेचे चर, हे सारे त्याच्याभोवती उजळले. उतारावर वर्षानुवर्षे नांगरट केली की माती खाली सरकून शेताच्या कडेला तिची पायरी बनते. अशा पायऱ्या दोन-अडीच हजार वर्षांनंतरही मोजता येतात. क्वार्ली टेकडीवर १९३८ साली खणले तेव्हा असे आढळले की सीमेचे लांब चर त्या टेकडीवर येऊन मिळतात आणि गडाचा तट त्यांच्यावर बांधलेला आहे. म्हणजे सीमा आधी, गड नंतर. शिवेच्या तंट्यात गावेच्या गावे उद्ध्वस्त झालेली ज्याने आपल्या जुन्या महजरांत वाचली आहेत, त्याला तरी हा क्रम उलटा वाटू नये. क्रॉफर्ड भूमीला पुनःपुन्हा खरडून लिहिलेल्या जुन्या चर्मपत्राची उपमा देई. आपल्याकडची उपमा द्यायची तर ओल्या फडक्याने घाईघाईत पुसलेल्या पाटीची द्यावी. नवी बेरीज मांडलेली असते, पण पाटी उजेडात तिरपी धरली तर कालच्या धड्याची अक्षरे तिच्यावर अजून दिसतात.

यानंतर मेडन कॅसलवर कुदळ पडली ती मॉर्टिमर व्हीलरची. १९३४ ते १९३७ या चार वर्षांत व्हीलर आणि त्याची पत्नी टेसा यांनी तेथे जे उत्खनन केले त्याला लष्करी मोहिमेची शिस्त होती आणि नाटकाचा प्रेक्षकवर्गही होता. हे काम पुरे होण्याआधीच, १९३६ साली, टेसा निवर्तली. तिचा या कामातला वाटा पुढे पुष्कळ वर्षे तिच्या नवऱ्याच्या दांडग्या कीर्तीच्या सावलीत राहिला, हे येथे नमूद केले पाहिजे. जमिनीवर चौरस खणांची मांडणी करावी, दोन खणांमध्ये न खणलेला बांध राखावा, आणि त्या बांधाच्या उभ्या अंगावर थरांची ओळ सदैव डोळ्यांपुढे ठेवावी, ही पद्धत तेथे भरास आली. तिच्या बळावर टेकडीचे चरित्र असे उलगडले: ख्रिस्तपूर्व चौथ्या सहस्रकात, म्हणजे ३६०० च्या सुमारास, नवाश्मयुगीन माणसांनी पूर्वेकडच्या शेंड्याभोवती तुटक खंदकांचे कडे केले, त्यावर पुढे पाचशे मीटरांहून लांब असा एक चिंचोळा मातीचा उंचवटा रचला गेला, मग टेकडी कित्येक शतके जवळजवळ ओस पडली, ख्रिस्तपूर्व ६०० च्या सुमारास लोहयुगातल्या लोकांनी पूर्वार्धात सुमारे १६ एकरांचा पहिला गड बांधला, आणि दीडेकशे वर्षांनी तो पश्चिमेकडे वाढवून त्याला आजचा विस्तार दिला. समुद्रकाठच्या गोट्यांचे ढीग जागोजाग सापडले, त्यांतल्या एकाच साठ्यात बावीस हजारांहून अधिक गोटे होते. हे गोफणगुंडे. गोफण ज्याच्या शेतात अजून मचाणावर टांगलेली असते त्या वाचकाला तटांची एवढी रुंदी कशासाठी, याचे उत्तर व्हीलरने दिले तसेच स्वतःही देता येईल.

पूर्वेकडच्या दाराशी मात्र व्हीलरला हाडांचे सापळे लागले, आणि येथे शास्त्रज्ञाच्या आतला बखरकार जागा झाला. बावन्न दफनांपैकी चौदांच्या हाडांवर घातपाताच्या खुणा होत्या, एकाच्या पाठीच्या कण्यात लोखंडी पाते रुतलेले होते, आणि जवळच राखेचा थर होता. रोमन चरित्रकार स्वेटोनिअस सांगतो की पुढे सम्राट झालेल्या व्हेस्पेशियनने ब्रिटनच्या स्वारीत तीस लढाया मारल्या आणि वीसहून अधिक ठाणी घेतली. ही दोन टोके जोडून व्हीलरने इ.स. ४३ मधल्या हल्ल्याचे असे वर्णन केले की वाचणाऱ्याच्या कानांत रणशिंगे वाजावीत: रोमन यंत्रांचा मारा, दाराबाहेरच्या झोपड्यांना लावलेली आग, धुराआडून आलेली पलटण, कत्तल, आणि रात्री भेदरलेल्या लोकांनी उरकलेली दफने. १९४३ साली, इंग्लंड स्वतः महायुद्धातून जात असताना, हा वृत्तांत छापून निघाला, आणि दोन पिढ्यांनी तो इतिहास म्हणून पाठ केला.

परंतु माती बखरीची भाटगिरी करीत नाही. १९८५-८६ साली नाइल शार्पल्स याने त्याच टेकडीवर पुन्हा काम केले, तेव्हा असे दिसले की रोमन येण्याच्या कितीतरी आधीपासून गडाचे तट दुर्लक्षित पडत चालले होते, वस्ती पूर्वेच्या दाराशी आकसली होती, आणि तेथली राख व कोळसा लोहाराच्या भट्ट्यांचाही असू शकतो. मृतांजवळ भांडी आणि मांसाचा वाटा ठेवलेला होता, तेव्हा घाईत उरकलेल्या दफनाची गोष्टही लंगडी पडली. पुढे बोर्नमथ विद्यापीठाच्या संशोधकांनी त्या सापळ्यांचे कार्बनमापन केले आणि २०२५ साली असे जाहीर केले की ही माणसे एका दिवशी मेलेली नाहीत. ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकाच्या अखेरीपासून इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत, निरनिराळ्या वेळी उसळलेल्या हिंसाचारात ती मेली, आणि त्यातला पुष्कळसा आपसांतल्या वैराचा असावा. म्हणजे ज्यांना देशासाठी पडलेले वीर समजून लोक नव्वद वर्षे हळहळले, ते कदाचित भाऊबंदकीचे बळी होते. यात व्हीलरची नाचक्की नाही. त्याने थर जसे होते तसे नोंदवून ठेवले, प्रत्येक सापळ्याची जागा लिहिली, म्हणूनच त्याचे म्हणणे खोडून काढणे शक्य झाले; ज्याची नोंद नसते त्याची चूकसुद्धा दुरुस्त करता येत नाही.

युद्धाचा पडदा असा बाजूला झाल्यावर गडात माणसे करीत तरी काय होती, या प्रश्नाचे सर्वांत भरीव उत्तर हॅम्पशरमधल्या डेनबरीने दिले. बॅरी कनलिफ याने १९६९ पासून १९८८ पर्यंत, वीस वर्षे, दर उन्हाळ्यात तेथे उत्खनन केले आणि गडाचा निम्म्याहून अधिक अंतर्भाग उघडा केला. ख्रिस्तपूर्व सहाव्या शतकापासून सुमारे १०० पर्यंत नांदलेल्या या गडात गोल घरे होती, मधून गेलेला रस्ता होता, चार खांबांवर उचललेली धान्याची माचोळी होती; आणि यांखेरीज खडूच्या दगडात खोदलेले, तोंडाशी अरुंद आणि पोटाशी रुंद असे सुमारे २,४०० खड्डे होते. पाश्चात्त्य विद्वानांना हे खड्डे एके काळी राहण्याची घरे वाटली होती. मराठी वाचकाने त्यांचा उभा छेद पाहिला असता तर तो पहिल्याच दृष्टिक्षेपात म्हणाला असता: ही पेवे आहेत.

आणि ती पेवेच होती. पीटर रेनल्ड्स याने १९७२ पासून बट्सर येथे लोहयुगीन पद्धतीचे एक शेत प्रत्यक्ष चालवून दाखविले. तेथे असे खड्डे खणून, धान्याने भरून, तोंड चिखलाने लिंपून तो हिवाळाभर त्यांची परीक्षा पाहत असे. भिंतीलगतचे थोडे दाणे ओलीने मोड धरतात, त्यांच्या श्वसनाने आतला प्राणवायू संपतो, कोंदलेल्या दूषित हवेत किडेमुंग्या जगत नाहीत, आणि उरलेले सारे धान्य निद्रिस्त होऊन पडते. वसंतात पेव फोडले की तेच दाणे पेरण्यालाही चालतात. सांगलीजवळच्या हरिपुरास हळदीची पेवे पिढ्यान् पिढ्या याच तत्त्वावर चालत आलेली आहेत, आणि पेव उघडल्याबरोबर कोणी आत उतरू नये, आधी वारा जाऊ द्यावा, हे तेथल्या हमालाला कोणा रसायनशास्त्रज्ञाने शिकविलेले नाही. एखाद्या गोष्टीचा सुळसुळाट झाला की आपण तिचे ‘पेव फुटले’ म्हणतो; डेनबरीच्या संदर्भात हा वाक्प्रचार अक्षरशः खरा ठरतो.

या रिकाम्या झालेल्या पेवांच्या तळाशी कनलिफला घोड्यांची मुंडकी, अख्खी जनावरे, डोमकावळे आणि कधी कधी माणसेही ठेवलेली आढळली. बियाणे ज्या भूमीच्या पोटात सुखरूप राहिले तिला तिचा वाटा परत द्यावा, अशी त्यामागची श्रद्धा असावी असा त्याचा तर्क आहे. तो सर्वांना मान्य नाही. तथापि गडाचे केंद्र शस्त्रागारातून धान्यागाराकडे सरकले, हा डेनबरीचा निष्कर्ष दृढ आहे. एवढ्यावर न थांबता १९८९ पासून कनलिफने गडाभोवतालची शेते, वाड्या आणि लहान दुर्ग यांची पाहणी हाती घेतली, कारण पेवातले धान्य कोठल्या शिवारातून आले हे कळल्यावाचून पेवाचा अर्थ पुरता लागत नाही. आज ब्रिटन आणि आयर्लंड मिळून अशा ४,१४७ दुर्गांची सूची झालेली आहे. २०१७ साली ती पुरी झाली तेव्हा एकच सर्वसामान्य विधान छातीठोकपणे करता आले: हे सारे एका कारणासाठी बांधले गेले नव्हते.

या साऱ्या उठाठेवीशी आपला संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध आहे, आणि तो मेडन कॅसलच्याच मातीतून आलेला आहे. व्हीलरच्या हाताखाली तेथे खणणाऱ्यांत, लंडनला डॉक्टरेटसाठी गेलेला एक हिंदी विद्यार्थी होता. १९०८ साली मुंबईत जन्मलेला हसमुख धीरजलाल सांकळिया. १९३९ साली तो पुण्याच्या डेक्कन कॉलेजात अध्यापक म्हणून आला. १९४४ साली व्हीलर स्वतः हिंदुस्थानच्या पुरातत्त्व खात्याचा महासंचालक होऊन आला आणि तक्षशिलेस त्याने तरुणांची उत्खननशाळा भरविली. मुंबईत जन्मलेल्या एकाने इंग्लंडला आकाशातून पाहण्यास शिकविले, आणि मुंबईतच जन्मलेल्या दुसऱ्याने इंग्लंडातून थर वाचण्याची पद्धत आणून ती गोदावरी-भीमेच्या खोऱ्यांत रुजविली. जोर्वे, नेवासे, आणि १९६८ पासून घोड नदीकाठचे इनामगाव या स्थळांनी महाराष्ट्राचा इतिहास सातवाहनांच्याही मागे हजार वर्षांहून अधिक नेला. इनामगावात प्रमुखाच्या पाच खोल्यांच्या घराशेजारी धान्याचे कोठार आढळले आणि जमिनीत पुरलेली पेवेही. डेनबरीच्या पहिल्या तटाची माती पडण्यापूर्वीच ते गाव ओस पडले होते.

आपल्या डोंगरी किल्ल्यांना मात्र ही नजर फारच थोडी लाभली, आणि याचे कारण, विरोधाभास वाटला तरी, कागदांची श्रीमंती हेच आहे. आज्ञापत्रासारखा ग्रंथ ज्यांच्या बांधणीचे आणि बंदोबस्ताचे नियम सांगतो, ज्यांच्या एकेका वेढ्यावर पत्रांचे गठ्ठे आहेत, त्यांना मातीची साक्ष कशाला, असे आपल्याला वाटत आले. परंतु कागद बोलतो तो सरकारच्या कामापुरता. गडावरच्या भंडाऱ्याची बायको काय शिजवीत होती, पायथ्याच्या माचीतल्या शेतात पुष्कळ पाऊस झाला त्या साली किती माती वाहून गेली, शिबंदीची गुरे कोठे चरत होती, हे सबनिसाने लिहिलेले नाही. शिवनेरीच्या कड्यात बौद्ध लेणी आहेत, ती महाराजांच्या जन्माच्या दीड हजार वर्षे आधीची. मधल्या काळात त्या डोंगराने काय काय पाहिले याची कैफियत कोणत्याही रुमालात नाही. २०२५ साली युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशात घेतले ते ‘लष्करी भूदृश्ये’ या नावाने. त्यातला पहिला शब्द आपल्याला फार ओळखीचा आहे; दुसऱ्याचा अभ्यास अजून व्हावयाचा आहे.

तेव्हा जे तरुण आज दर रविवारी घमेली-फावडी घेऊन गडावर जातात आणि टाक्यांतला गाळ काढून पाणी मोकळे करतात, त्यांच्या निष्ठेला नमस्कार करून एवढेच सांगावेसे वाटते: तो गाळ कड्यावरून लोटून देऊ नका. टाक्याच्या तळाशी साचलेल्या हातभर चिखलात शतकानुशतकांची खापरे, बिया, हाडे आणि राख जशी पडली त्या क्रमाने पडलेली असते. फावडे लावण्यापूर्वी जाणत्या माणसाला बोलवावे, किती खोलीवर काय लागले ते वहीत टिपावे, माती चाळावी, आणि काम संपल्यावर आपण कोठे किती खणले याची तारखेनिशी नोंद गडाच्या नकाशावर करून ठेवावी. पिट-रिव्हर्सने चराच्या तळाशी बिल्ला टाकला तो एवढ्याचसाठी. कागद नसलेल्या दुर्गांचे दफ्तर परक्यांनी मातीतून उभे केले. कागद असलेल्या दुर्गांचे उरलेले अर्धे दफ्तर अजून टाक्यांच्या तळाशी आहे, आणि ते एका पावसाळ्यापूर्वीच्या श्रमदानात नाहीसे होऊ शकते.